कडक सरांच्या तासाला चिडीचूप, माझ्या तासाला बाजार

प्रश्न थोडक्यात असा: "मी माध्यमिक शाळेत शिकवते, हे माझं चौथं वर्ष. आठवीचा एक वर्ग माझ्या तासाला अजिबात ऐकत नाही. माझ्या आधीचा तास एका कडक सरांचा असतो, तेव्हा टाचणी पडली तरी आवाज येईल इतकी शांतता असते. शिक्षकखोलीत सगळे म्हणतात, 'तुमचा वचक नाही.' मुख्याध्यापकांनीही दोनदा सुनावलं. मुलं अशी वागतात ती माझ्यामुळे, की शाळेचं वातावरणच तसं आहे? मीही कडक व्हावं का?"

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. तुमचा तास त्या सरांच्या तासाला लागूनच आहे. मी ३२ वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. कुठल्याही वर्गाची अशी तक्रार आली की मी आधी वेळापत्रक मागवायचो आणि आधीचा तास कोणाचा ते बघायचो. मग दुसरा प्रश्न विचारायचो: कडक सर पाच मिनिटं कार्यालयात गेले तर त्या वर्गात काय होतं? तुम्ही हे पाहिलं नसेल, तर एकदा मुद्दाम त्या वेळी व्हरांड्यातून जाऊन या. माझा अंदाज असा की तुमच्या तासाला जो दंगा होतो, तोच तिथे ऐकू येईल. तसं झालं तर तो सगळा दंगा तुमच्या नावावर टाकता येणार नाही. त्यातला बराचसा आधीच्या चाळीस मिनिटांत साठलेला असतो.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. १९३९ साली कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या तिघांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले, प्रत्येक गटाला हस्तकलेसारखी कामं दिली आणि वर एक मोठा माणूस प्रमुख म्हणून नेमला. काही आठवड्यांनी प्रमुख बदलायचा आणि त्याच्याबरोबर वागवण्याची पद्धतही बदलायची. एका पद्धतीत प्रमुख एकेक हुकूम सोडायचा, पुढची पायरी काय ते मुलांना आधी कळायचं नाही. दुसऱ्या पद्धतीत काम काय, कसं, कोणी करायचं हे मुलांशी बोलून ठरायचं आणि प्रमुख मदतीला असायचा. तिसऱ्या पद्धतीत प्रमुख नुसता हजर असायचा; विचारलं तर सांगायचा, नाहीतर नाही.

हुकमाखालची मुलं दोनपैकी एका रीतीने वागली. काही गटांतली मुलं एकमेकांवर तुटून पडली, एखाद्या मुलाला सगळ्यांनी मिळून लक्ष्य केलं. बाकीचे गट पार दबून गेले, हसणं-खिदळणं बंद. दुरून बघणाऱ्याला हे दबलेले गट शिस्तीचे वाटले असते. पण प्रमुख खोलीबाहेर गेला की त्यांचं काम थांबायचं, आणि हेच गट मोकळ्या पद्धतीच्या प्रमुखाकडे गेले की सुरुवातीला तिथे उसळी यायची. बोलून काम ठरवणाऱ्या गटात मात्र प्रमुख बाहेर गेला तरी काम चालू राहायचं. मुलं तीच होती हे लक्षात घ्या. मुलगा स्वभावाने शांत की दंगेखोर यापेक्षा त्या दिवशी त्याच्यावर कोण आहे आणि काल कोण होतं, यावर त्याचं वागणं जास्त हललं.

म्हणजे तुमच्या आठवीच्या वर्गाने घंटा झाल्यावर दार उघडताच झाकण उडवावं, यात आश्चर्य काही नाही.

पण या प्रयोगातल्या तिसऱ्या गटाबद्दलही बोलायला हवं, आणि हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही. नुसत्या हजर असलेल्या प्रमुखाच्या गटात सर्वांत कमी काम झालं आणि भांडणंही भरपूर झाली. प्रेमळ म्हणून ओळखले जाणारे पुष्कळ शिक्षक प्रत्यक्षात या तिसऱ्या खोलीत बसलेले असतात. मी स्वतः पहिली दोन वर्षं तिथेच होतो. मला वाटायचं, मी मुलांना मोकळीक देतोय. मुलांना वाटायचं, या सरांना काय हवंय तेच कळत नाही. तुमच्या मूळ मजकुरात "मी त्यांना खूप समजावते" असं तीन वेळा आलं आहे, त्यावरून मला शंका येते. भर तासात समजावणं म्हणजे बहुतेक वेळा लांबलेलं ओरडणंच असतं, फक्त आवाज खाली असतो.

'नियंत्रण' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, त्यातून निम्मा गोंधळ होतो. एक नियंत्रण कामावर असतं: "वही उघडा, पहिलं उदाहरण चार मिनिटांत सोडवा, मग शेजाऱ्याशी पडताळून बघा." दुसरं माणसावर असतं: "हसतोस काय? खाली बघ. मी सांगेपर्यंत हलायचं नाही." पहिल्याने मुलाला पुढे काय करायचं ते कळतं. दुसऱ्याने त्याला आपण कोण आहोत ते सांगितलं जातं, आणि तेरा वर्षांचा मुलगा त्याला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. तोंडावर देता आलं नाही तर पाठीमागे देतो, या सरांना नाही तर पुढच्या बाईंना देतो. एडवर्ड डेसी, रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली शिक्षकांना शाळेतले नेहमीचे पेचप्रसंग देऊन ते काय करतील असं विचारलं आणि मग त्यांच्याच वर्गातली मुलं तपासली. मुलांना स्वतः मार्ग काढू देणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांची शिकण्याची ओढ आणि स्वतःबद्दलचा विश्वास जास्त होता. आमिष आणि दंड यांवर भर देणाऱ्यांच्या वर्गात ही दोन्ही कमी होती.

तेव्हा 'कडक व्हावं का' याचं उत्तर: कामाबद्दल हो, तुम्ही आहात त्यापेक्षा पुष्कळ जास्त. माणसाबद्दल नाही.

आता ओरडण्याबद्दल. ओरडून काही होत नाही असं मी म्हणणार नाही. ओरडल्यावर वर्ग गप्प होतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही ओरडता, दहा सेकंद शांतता मिळते, तुम्हाला हायसं वाटतं. म्हणून पुढच्या वेळी तुम्ही जरा लवकर ओरडता. मुलांना त्या आवाजाची सवय होते, मग तोच परिणाम मिळवायला आवाज चढवावा लागतो. जेराल्ड पॅटरसन यांनी घरातल्या आईबाप-मुलांच्या भांडणांत हे चक्र फार बारकाईने दाखवलं. वर्गात ते जसंच्या तसं चालतं. गंमत अशी की शिक्षकाला वाटतं मी मुलांना वळण लावतोय, आणि दहा सेकंदांच्या शांततेचं बक्षीस देऊन मुलंच शिक्षकाला ओरडायचं वळण लावत असतात.

१९६८ साली अमेरिकेतल्या एका पहिलीच्या वर्गात मॅडसेन, बेकर आणि सहकाऱ्यांनी साधीच गोष्ट मोजली. जागेवरून उठणाऱ्या मुलांना शिक्षिकांनी "खाली बस" असं जास्त वेळा सांगायला सुरुवात केली, तर उठणाऱ्या मुलांची संख्या वाढली. प्रत्येक वेळी सांगितल्यावर मूल बसत होतं हे खरं, पण एकंदरीत उठणं वाढत होतं. जागेवर बसून काम करणाऱ्या मुलांची दखल घेतल्यावर मात्र उठणं कमी झालं. तुमच्या तासाला तुमचं लक्ष सगळ्यात जास्त कोणाला मिळतं, हे एका दिवशी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजा. मी मोजलं होतं. एका तासात एकाच मुलाचं नाव मी १७ वेळा घेतलं होतं आणि समोर काम करत बसलेल्या एका मुलीचं नाव मला आठवेना.

मग शांत वर्ग असणारे लोक करतात तरी काय? जेकब कूनिन नावाचे मानसशास्त्रज्ञ कॉलेजात शिकवत असताना एक विद्यार्थी समोर वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यांनी त्याला झापलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना झापलं नाही ते विद्यार्थीही सावरून बसले. एकाला झापल्यावर बाकीच्यांपर्यंत पोचणाऱ्या या लहरींचा त्यांनी पुढे अनेक वर्षं अभ्यास केला, शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण करून ते तपासलं. झापण्याची योग्य तऱ्हा सापडेल अशी अपेक्षा होती. १९७० साली त्यांनी लिहिलं ते वेगळंच: शांत वर्गांचे आणि दंगेखोर वर्गांचे शिक्षक मुलांना रागावण्याच्या बाबतीत फारसे वेगळे नव्हते. फरक होता तो दंगा सुरू होण्याआधीच्या मिनिटांत. चांगल्या शिक्षकाला वर्गात कुठे काय चाललंय ते कळत असतं आणि त्याला ते कळतं हे मुलांना माहीत असतं. तो एका मुलाची वही तपासताना मागच्या बाकाकडे बघू शकतो. आणि त्याच्या तासाला भोकं नसतात.

ही भोकं मी शेकडो तासांच्या निरीक्षणात पाहिली आहेत, म्हणून जरा रेंगाळतो. शिक्षिका वर्गात येते, हजेरी घेते, तेवढा वेळ साठ पोरं रिकामी. खडू सापडत नाही. वह्या वाटायला एक मुलगा उठतो, तो वाटेत दोघांना टपल्या मारतो. काम दिलं जातं, पण कुठपर्यंत आणि किती वेळात ते सांगितलेलं नसतं, मग आठ मुलं पाच मिनिटांत संपवून मोकळी. एकाला रागावण्यासाठी धडा थांबतो, त्याची लांबलचक कानउघाडणी होते, आणि बाकीचे सगळे प्रेक्षक होतात. अशा एका तासात निव्वळ शिकवण्याची मिनिटं मोजली तर शिक्षकाला स्वतःलाच धक्का बसतो. मुलं बिघडलेली नसतात हो, रिकामी असतात.

वातावरणाकडे येतो. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास केला, तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. शाळांत येणारी मुलं वेगवेगळ्या पार्श्वभूमीची होती, तो फरक हिशेबात धरल्यावरही मुलांच्या वागण्यात, हजेरीत आणि निकालात शाळाशाळांमध्ये मोठी तफावत उरली. इमारत किती जुनी, शाळा किती मोठी, याने ती सुटत नव्हती. सुटत होती ती शाळा रोज कशी चालते यातून: तासाचा वेळ तासावर जातो का, मुलांच्या कामाची वाखाणणी होते का, मुलांना खऱ्या जबाबदाऱ्या मिळतात का, शिक्षक एकमेकांशी बोलून काही ठरवतात का. जिथे शिक्षा आणि टोकाटोकी जास्त, तिथे वागणं चांगलं असेल असं वाटतं. तसं दिसलं नाही, उलटच दिसलं.

शाळेचं वातावरण बघायचं तर मी वर्गात जायचोच नाही. जिन्यावर उभा राहायचो. दोन तासांच्या मधल्या तीन मिनिटांत जिन्यावर कोणी मोठं माणूस नसतं, तेव्हा मुलं एकमेकांना वाट देतात की ढकलतात? दुसरी जागा म्हणजे स्वच्छतागृह. लहान मुलं तिथे जायला घाबरत असतील, तर त्या शाळेतली शांतता वर्गापुरतीच आहे. नॉर्वेत डॅन ओलवेयस यांनी १९८३पासून दांडगाईविरुद्ध शाळांमध्ये काम उभं केलं, त्यातही मोठी माणसं मधल्या सुट्टीत नक्की कुठे उभी असतात हा प्रश्न होता. त्यांचा आग्रह दोन्हींचा होता, मोठ्यांकडून जिव्हाळाही हवा आणि न चालणाऱ्या वागण्याला पक्की, पण शत्रुत्व नसलेली मर्यादाही हवी. यातलं एकच उचलणाऱ्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या.

आणि मग शिक्षकखोली. तुम्हाला 'वचक नाही' असं सांगणाऱ्यांबद्दल हे लिहितो. १९६०च्या दशकात डोनाल्ड विलोवर, टेरी आयडेल आणि वेन हॉय यांनी शिक्षकांच्या मनातल्या नियंत्रणाच्या कल्पना मोजायला वीस विधानांची एक प्रश्नावली केली. एका टोकाला पहारेकऱ्याची दृष्टी: मुलं बेजबाबदार असतात, त्यांना ताब्यात ठेवावं लागतं. दुसऱ्या टोकाला माणुसकीची: मुलं चुकतात, पण स्वतःला आवरायला शिकू शकतात. हॉय यांनी नवीन शिक्षकांचा माग काढला तेव्हा दिसलं की प्रशिक्षण संपवून प्रत्यक्ष शिकवायला लागल्यावर त्यांची उत्तरं पहारेकऱ्याच्या टोकाकडे सरकतात. यात मुलांचा हात असेलच, पण शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्यांचाही मोठा असतो. ज्या शाळेत चांगला शिक्षक म्हणजे ज्याच्या वर्गातून आवाज येत नाही तो, तिथे नवीन माणूस दुसरं काय शिकणार?

इथे माझी एक चूक सांगतो. मुख्याध्यापक झाल्यावर मी उत्साहाने 'आठवड्याचा शांत वर्ग' असा फलक लावला. दोन महिन्यांत शाळा खरोखर शांत झाली. मग एका निरीक्षणाच्या वेळी माझ्या लक्षात आलं की सहा वर्गांत ओळीने टिपणं उतरवून देणं चालू आहे. उतरवून देण्याइतका शांत तास दुसरा नाही. गटात बसून काम बंद झालं, प्रयोगशाळेच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि मधल्या सुट्टीत भांडणाच्या आणि धक्काबुक्कीच्या तक्रारी वाढल्या. मी शिक्षकांवर दाब दिला होता, त्यांनी तो खाली सरकवला, मुलांनी तो मैदानावर काढला. सहामाहीनंतर फलक उतरवला. डेसी आणि सहकाऱ्यांचा १९८२ सालचा एक प्रयोग मी पुढे वाचला: शिकवणाऱ्यांपैकी काहींना "शिकणाऱ्याने ठरलेली पातळी गाठणं ही तुमची जबाबदारी" असं बजावलं होतं, तर ते जास्त बोलू लागले, जास्त सूचना देऊ लागले, जास्त ताबा घेऊ लागले. आधी वाचला असता तर फलकाचे पैसे वाचले असते.

वयाचा मुद्दा थोडक्यात. जॅकलिन एक्ल्स आणि कॅरोल मिजली यांनी दाखवून दिलं की मुलांना स्वतःचं म्हणणं मांडायची गरज वाटू लागते नेमकी त्याच वयात शाळा जास्त नियमांची, जास्त परक्या माणसांची होते. तुमची आठवी त्याच वळणावर आहे. तुम्ही चौथीला शिकवत असतात तर हा प्रश्न या रूपात आलाच नसता.

सगळं वातावरणावर ढकलू नका, हेही सांगतो. संपूर्ण वर्ग एका तासाला बिघडतो तेव्हा तासाकडे बघावं. पण एखादं मूल प्रत्येक तासाला, प्रत्येक शिक्षकापुढे तसंच वागत असेल, तर त्याला नीट ऐकू येतं का, फळ्यावरचं दिसतं का, वाचता येतं का, घरी काय चाललंय, हे आधी बघायचं. वाचता न येणारा मुलगा दंगा करून स्वतःची अब्रू वाचवतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला तोच पहिला संशय येतो.

तुमच्या वर्गासाठी मी काय केलं असतं ते लिहितो. पहिली पाच मिनिटं फक्त लिहिण्याची: तुम्ही दारात उभ्या, फळ्यावर आधीच एक छोटं काम, बोलणं नाही, भाषण नाही. दबून आलेल्या वर्गाला उतरायला काहीतरी उतार लागतो, आणि हातातलं काम हा चांगला उतार आहे. शक्य असेल तर दोन आठवडे वेळापत्रकात एक तास मागेपुढे करून मागा. दंगा कमी झाला तर त्यातला किती आधीच्या तासाचा होता ते कळेल. नियम तीनच, मुलांशी बोलून ठरवलेले, आणि मोडल्यावर काय होईल तेही आधी ठरलेलं. जे होईल ते लहान असू द्या, पण दर वेळी होऊ द्या. रागवायचं ते बाकाजवळ जाऊन, हळू आवाजात, दोन वाक्यांत. तिसरं वाक्य तुमच्या रागासाठी असतं. आणि ज्या मुलाशी जास्त खटके उडतात त्याच्याशी दंगा नसलेल्या वेळी बोला, दंग्याबद्दल नाही. अमेरिकेत २०१६ साली जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी पाच शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना मुलाच्या बाजूने विचार करायला लावणारा एक छोटा ऑनलाइन अभ्यास दिला होता. त्यांच्या मुलांपैकी वर्षभरात शाळेतून तात्पुरतं काढलं गेलेल्यांचं प्रमाण ९.६ टक्क्यांऐवजी ४.८ टक्के राहिलं. इतक्या कमी खर्चाचे उपाय आमच्या धंद्यात फार नाहीत.

पहिले दोन आठवडे वर्ग जास्त वाईट वागेल. आजवर न लावलेली मर्यादा तुम्ही खरंच लावताय का, हे मुलं तपासून बघणारच. तिथे माघार घेतलीत तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघावी लागेल.

कडक सरांना खलनायक ठरवू नका. मी असे काही कडक शिक्षक पाहिले आहेत की ते बाहेर गेल्यावरही वर्ग काम करत राहायचा. मुलांना विचारलं तर म्हणायची, "सर कडक आहेत, पण सगळ्यांना सारखे." तुमचे सर त्यातले आहेत की दुसऱ्यातले, ते व्हरांड्यातल्या फेरीत कळेल. पहिल्यातले निघाले तर त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. ते शिकवायला सुरुवात कशी करतात आणि वह्या कशा वाटतात तेवढंच बघा.

मुख्याध्यापकांकडे "वातावरण बदला" म्हणून जाऊ नका. कोणीही मुख्याध्यापक त्यावर दार लावून घेईल, मीही घेतलं असतं. एक कागद घेऊन जा. त्यावर चार आठवड्यांचे आकडे असू द्या: तास किती मिनिटांनी सुरू झाला, किती वेळा थांबला, किती मुलांचं काम पूर्ण झालं. मग फक्त एक मागणी करा, की या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी अर्धा तास एकत्र बसून तीन नियम एकच ठेवावेत. आमच्याकडे अशी पहिली बैठक दीड तास चालली होती आणि त्यातला एक तास 'मुलांना पाणी प्यायला तासाच्या मध्ये सोडायचं की नाही' यावर गेला होता. त्या प्रश्नाला तोपर्यंत सात शिक्षकांची सात उत्तरं होती, आणि मुलांना ती सातही पाठ होती.